पाठीला नाव नसतं

आमच्या गावच्या दूध सोसायटीच्या चेअरमननं नबीलाल मालिशवाल्याला फसवलं. आधी त्यांची जागा घेतली, मग अब्रू. मी बैलांचा व्यापारी. फसवाफसवी मला नवी नाही. पण बैलबाजारातही फसवायची काही रीत असते.

नबीचाचांची खोपी तामलवाडीच्या रस्त्याला होती. पैलवान, ट्रकवाले, पुढारी, सगळे तिथं पालथे पडायचे. खोपीला गोणपाटाची दोन दारं. एकातून आत यायचं, दुसऱ्यातून जायचं, म्हणजे गिऱ्हाइकाला गिऱ्हाईक दिसत नाही. पालथं पडलं की चाचा डोक्यावर पंचा टाकत. दुष्काळात अंघोळीला पाणी कुठलं? अंगावरचं तेल ज्वारीच्या कोंड्यानं पुसत.

आणि हा माणूस रस्त्यात ओळख दाखवत नसे. मी एकदा भर बाजारात रामराम घातला, तर चाचा माझ्यामागच्या लिंबाकडं बघत निघून गेले. माझं डोकं फिरलं. खोपीत जाऊन जाब विचारला.

"तुमाला वळख दिली तर लोक इचारत्याल, ह्याला काय दुखतंय," चाचा म्हणाले. "पडा पालथं."

एकदा दुष्काळी कामावरचा एक मुकादम पडल्या पडल्या म्हणाला, "चाचा, मालिशीला एखादी बाई ठेवा की. धंदा वाढंल."

चाचांनी त्याला तसाच उठवला. अर्धं अंग तेलकट, अर्धं कोरडं. "हितं दुखणं चोळत्यात. दुसरं काय पायजे आसंल तर दुसरा गाव बघा."

मीही प्रयत्न केला. सोसायटी कडबा कुठून उचलणार हे मला काढून घ्यायचं होतं. म्हटलं, "चाचा, चेअरमन काल आला होता ना? काय बोलला? पेंडीचं पोतं टाकतो घरी."

"कोण चेअरमन?"

"आता गावाला म्हाईत हाय चाचा, तुमाला न्हाय व्हय?"

"माझ्याकडं पाठी येत्यात. पाठीला नाव नसतं."

बैलाच्या दातावरून मी मालकाची गरज ओळखतो. या माणसाकडून मला एक शब्द काढता आला नाही. शिव्या देत घरी आलो, आणि बायकोला सांगितलं, असा माणूस मी पाहिला नाही.

पुढं सोसायटीला इमारतीसाठी खोपीची जागा हवी झाली. चेअरमननं चाचांच्या खांद्यावर हात टाकून चारचौघांत शब्द दिला, "पयली खोली तुमची." चाचांनी खोपी मोडली. इमारत उभी राहिली, खोलीला कुलूप लागलं. तेवढ्यात निवडणूक आली. चेअरमननं चाचांना माझ्यादेखत विचारलं, "आमच्या विरोधात उभा राहिलाय त्याच्या पाठीवर पांढरा चट्टा हाय म्हनं. सभेत तेवढं सांगा, आन किल्ली घ्या."

चाचा म्हणाले, "मला दिसत न्हाय हो आता." आणि सुईत दोरा ओवावा तितक्या नेमकेपणानं आपली तेलाची बाटली पिशवीत घालून निघून गेले.

आठवड्यात चेअरमननं गावभर केलं, नबीलाल गोणपाटाच्या पडद्यामागं बाया ठेवत होता, मी डोळ्यानं पाहिलंय. मुकादमाला अर्ध्यावर उठवणाऱ्याच्या खोपीत बाया! तरी लोकांनी मान्य केलं. चाचांच्या घराकडं कोणी फिरकेना.

मी गेलो. म्हटलं, "चाचा, चेअरमनची पाठ तुमच्या हाताखालची. त्याचं एक सांगा, बाकी मी बघतो."

"त्यो बी माझंच गिऱ्हाईक हाय की."

चाचा तळहात एकमेकांवर घासत होते. शेवटी म्हणाले, "व्यापारी, एक इचारू? जलमभर कुणाला वळख दिली न्हाय. आता माणसं यायची बंद झाली, तर म्या बोलू कुणासंगं?"

मी तिथंच पालथा पडलो.

चेअरमनसाहेब, सोसायटीच्या सभेत मी उभा राहणार आहे. पडद्यामागं कोणती बाई तुम्ही पाहिलीत, कधी पाहिलीत, आणि तुम्ही स्वतः तिथं कशाला गेला होता, ते सगळ्यांपुढं सांगा. सांगता येत नसेल, तर कुलूप काढा आणि चाचांचा हात धरून त्यांना त्या खोलीत नेऊन बसवा. दिवसाउजेडी, आम्हा सगळ्यांच्या देखत.