अक्का आणि पांढरे उंदीर

पेटलेल्या जाळातून भरताची वांगी नुसत्या हातानं उचलणारं माणूस मी एकच पाहिलं: आमच्या शेजारच्या अक्का. चिमटा पुढे केला की म्हणायच्या, "ठेव तुना घरमा." अक्का गेल्या, तेव्हापासून आमच्या पिंप्राळ्यातल्या कॉलनीत भरताला चिमटा लागतो.

लोक थक्क व्हायचे. मी नाही. केमो सुरू झाल्यापासून अक्कांची बोटं बधिर झाली होती, आणि हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं.

मी फार्मसी कॉलेजात ग्रंथपाल. तिथं उंदरांना केमोची औषधं देऊन त्यांच्या नसांचं काय होतं ते पाहतात. बधिर झालेला उंदीर गरम पत्र्यावरून पाय उशिरा उचलतो, असं मी एकदा बोलून गेलो. मग कुंपणावरून रोज चौकशी, जणू उंदीर त्यांच्या माहेरचा, पिंपळनेरचा.

"भाऊ, तुना उंदीर काय म्हणस?"

"म्हणतो, डॉक्टरांना सांगा."

"सांगं तर औषध कमी करतीन. माले जगनं शे."

"आणि बोटं?"

"जाऊ दे. चिमटा धराना तरास वाची."

पायातली चप्पल निसटली तरी त्यांना कळायचं नाही. एकाच चपलेवर बाजारातून येत. कोणी हसलं तर म्हणत, "दुसरी मांगून यी ऱ्हायनी."

एका भरताला मात्र तळहातभर फोड आले. "वांगंच जास्त तापेल व्हतं," म्हणाल्या. पण त्याच आठवड्यात हट्ट धरला, उंदीर दाखव. प्रयोगशाळेच्या सरांची परवानगी काढून मी नेलं. अक्का नवी नऊवारी नेसून आल्या, व्याह्यांकडे निघाल्यासारख्या.

पिंजऱ्यातला एक उंदीर काट्यांवर टाकावेत तसे पाय टाकत होता. अक्का बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्याले सांगता येस का?"

"नाही."

"माले येस. सोमवारी डॉक्टरले सांगसू. बदलीसन दे म्हनसू. पन औषध सोडनार नही, हे बी सांगसू."

मग मी अडवायच्या आत त्यांनी गजांतून बोटं आत घातली. उंदीर जवळ आला.

"चावना का रे भाऊ?"

"नाही, अक्का. चाटतोय."

"कोनता बोटले?"

"करंगळीशेजारच्या."

"बरं," अक्का म्हणाल्या, आणि हात तसाच ठेवला.