युए-ताओच्या नवऱ्याची साखर

तैवानमधल्या ताइनान शहरात वेन-चिन घरोघर गॅसचे सिलिंडर पोचवायचा. खांद्यावर सिलिंडर घेऊन चार-चार मजले चढायचा, तरी पोट त्याच्याआधी दारात पोचायचं. त्यामुळे त्याच्या साखरेची काळजी सगळ्या गल्लीला होती. कोपऱ्यावरची नूडल्सवाली त्याला न विचारता अर्धाच वाडगा वाढायची. स्वतःच्या थोरल्या बहिणीचा पाय साखरेनं गेल्यापासून त्याची आई तर तो जेवायला बसला की त्याच्या पायांकडेच बघत राहायची.

सगळ्यात जास्त दमली होती ती त्याची बायको, युए-ताओ. अंगानं काडी. दिवसभर पिशव्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसायची, घरी येऊन पुन्हा बाहेरचं शिवणकाम करायची आणि उरलेल्या वेळात नवऱ्याला वाचवायची. त्याच्या वाडग्यातला निम्मा भात ती काढून घ्यायची. गिऱ्हाइकांनी दिलेले अननसाचे केक, सासूनं केलेली लाल चवळीची खीर, सगळं जप्त. पण सासूला अन्न टाकलेलं खपत नसे. मग जप्तीचा माल युए-ताओ ओट्याशी उभ्या उभ्या संपवायची. ही तर वाऱ्यानं उडेल, म्हणून तिला कुणी अडवत नसे. शिवताना डोळे मिटू नयेत म्हणून शेजारी दुधाचा गोड चहा असायचाच.

देवळाच्या आवारात रक्ततपासणीचं शिबिर लागलं, तेव्हा ती नवऱ्याला ओढतच घेऊन गेली. रक्त देणाऱ्याला कपडे धुण्याची पावडर मिळत होती, म्हणून तिनंही हात पुढे केला.

दवाखान्यातून आलेला फोन सासूनं घेतला. ‘साखर फार वाढलीय’ एवढं ऐकून ती रडायलाच लागली. कुणाची, हे तिनं विचारलंच नाही.

दोघं दवाखान्यात गेली. तरुण डॉक्टरनं एकदा दोघांकडे पाहिलं आणि वेन-चिनला समोर बसवून झाडायला सुरुवात केली. भात, गोड, आळस, पोटाचा घेर. वेन-चिन सवयीनं मान हलवत होता. युए-ताओही मधूनमधून तक्रारींची भर घालत होती. शेवटी गोळ्या लिहून देताना डॉक्टर अडखळला.

“युए-ताओ हे तुमचं नाव?”

“नाही, हिचं,” वेन-चिन म्हणाला.

त्याची स्वतःची साखर ठीक होती.

मग डॉक्टरनं खालच्या आवाजात तिची चौकशी केली. तिच्या आईला साखर होती. झोप जेमतेम. दिवसभर बैठं काम. अंग बारीक असलं म्हणजे सुटका होते असं नाही, एवढंच तो म्हणाला.

“मग इतकी वर्षं मी केलं काय?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“माझ्या वाटचं जेवलीस.”

घरी सासूचा विश्वासच बसेना. बसला तेव्हा तिनं मुलाला धारेवर धरलं. “तू तुझं तुझं खाल्लं असतंस, तर पोरीवर ही वेळ आली असती का?”

वेन-चिननं तिला बाहेरचं शिवणकाम बंद करायला लावलं आणि संध्याकाळी तो तिला आपल्याबरोबर सिलिंडरच्या फेरीला न्यायला लागला. पहिल्याच दिवशी चौथ्या मजल्यावरच्या म्हातारीच्या दारात ती धापा टाकत उभी राहिली.

“गुणाची गं बाई,” म्हातारी म्हणाली. “नवऱ्याचं वजन उतरावं म्हणून इतकी चढतेस.”

खरं काय ते सांगायला युए-ताओमध्ये त्राण नव्हतं. ती “हो” म्हणाली. म्हातारीनं तिच्या हातात उसाच्या रसाचा ग्लास दिला आणि वेन-चिनला नुसतं पाणी.

म्हातारी आत वळताच वेन-चिननं मुकाट्यानं ग्लास बदलले आणि रस एका दमात पिऊन टाकला. त्याच वेळी म्हातारी बाहेर आली.

“बघितलंस?” ती युए-ताओला म्हणाली. “हा काही सुधारायचा नाही.”