रंग बघून बोलणारे नाना

गुरुवार, सकाळची धार काढून झाल्यावर, नारायणनानांचा गोठा. हजर : नाना, पुण्यात कंपनीत नोकरीला असलेला त्यांचा मुलगा संजू, मिरजगावचा गुरांचा एक व्यापारी, जनावरांच्या डॉक्टर मॅडम, गावातलं दूध संकलन केंद्र चालवणारी मी, आणि जिच्यासाठी सगळे जमलो होतो ती नानांची एकुलती एक गाय, चांदी.

नाना कोणालाही आधी राम राम घालत नाहीत. आधी मोबाईल समोर धरतात. पडद्यावर समोरच्याचं तोंड व्यवस्थित पिवळं-तांबडं दिसलं की मग म्हणतात, "या. बरं हाय तुमचं."

मोबाईलच्या बुडाला काडेपेटीएवढा कॅमेरा जोडलेला असतो. तो केंद्राचा आहे. त्याला उष्णता दिसते : गार ते निळं, गरम ते तांबडं, फार गरम ते पांढरं. कासेत दुखणं सुरू झालं, तर दूध नासण्याआधीच तेवढा भाग तापलेला दिसतो. कॅमेरा घेतला तेव्हा घरोघर फिरून गायी बघायला कोणी तयार होईना. नानांनी हात वर केला. त्यांच्या पत्नी सिंधूवहिनी वारल्यापासून ते घरी एकटेच. डॉक्टर मॅडमनी त्यांना शिकवलं, आणि गावात झाकलेलं काही राहिलं नाही. चहा आला की नाना कपावर कॅमेरा धरतात. "पांढरा हाय आजून. जीभ भाजंल." ग्रामसभेत त्यांनी तो सरपंचांवर धरला आणि सांगितलं, "डोस्कं लई तापलंय. इषय उद्या घ्या." विषय खरंच दुसऱ्या दिवशी घेतला गेला.

चुकाही केल्या. एकदा उन्हात बांधलेल्या गायी बघून त्यांनी अख्ख्या गोठ्याला ताप आल्याचं जाहीर केलं. मॅडम हातातलं काम टाकून धावत आल्या. गायी सावलीत घेतल्यावर ताप आपोआप उतरला. "सूर्याचा ताप हुता," एवढंच बोलून नानांनी सगळ्यांना चहा पाजला. त्यानंतर मात्र ते ऊन चढायच्या आत, सावलीतच बघू लागले.

त्या गुरुवारी संजू चांदी विकायला आला होता. गाय विकायची आणि नानांनी पुण्याला राहायला जायचं, असं बापलेकांचं फोनवर ठरलं होतं. नाना हो म्हणाले होते.

व्यापाऱ्यानं रीतीप्रमाणे हातावर उपरणं टाकलं आणि त्याखाली संजूची बोटं धरून भाव सुरू केला. संजूला बोटांची भाषा येत नव्हती. दर वेळी तो मोठ्यानं विचारायचा, "म्हणजे किती?"

"आवो, वरडूनच सांगायचं तर फडकं कशाला टाकलंय?" व्यापारी म्हणाला.

नाना तोवर कॅमेरा धरून गायीमागे उकिडवे बसले होते. "थांबा," ते म्हणाले. "मागलं डावं सड पांढरं दिसतंय."

उपरण्याखालची बोटं थांबली.

"दूध चांगलं आहे, नाना. सकाळीच बघितलंय मी," संजू म्हणाला. "सूर्याचा ताप असेल."

"ऊन कुटं आलंय आजून?"

"विकायचीच नव्हती तर फोनवर सांगायचं. रजा टाकून आलोय मी."

"इकायची हाय. आजारी इकायची न्हाई," नाना म्हणाले. "परक्या दावणीला गेल्यावर तिचं दुखणं कोन बगंल?"

मॅडमनी चार खणांच्या ताटलीत चारही सडांचं दूध घेतलं आणि तपासणीचं औषध घालून फिरवलं. तीन खण पातळच राहिले. चौथ्यातलं दूध शेंबडासारखं घट्ट झालं.

"कासदाहाची सुरुवात आहे," मॅडम म्हणाल्या. "वेळेवर सापडलं."

व्यापाऱ्यानं उपरणं खांद्यावर टाकलं. "बरी झाली की कळवा."

मॅडमनी सडात औषध सोडलं. औषध चालू असेपर्यंत दूध केंद्रावर आणू नका, असं मी नानांना बजावलं. "मलाच शिकवा," नाना म्हणाले.

संजू ओसरीत बाजेवर बसून चहा प्यायला. गाडीपाशी आल्यावर तो मला म्हणाला, "काकू, तुम्हीच विचारा. गाय बरी झाल्यावर तरी येणार आहेत का? मला खरं सांगत नाहीत ते. काय म्हणतात ते फोन करून सांगा."

काम जागच्या जागी संपवावं, अशी माझी सवय. गाडी वळली तशी मी परत फिरले.

नाना ओसरीत उभे होते. मोबाईल रिकाम्या बाजेकडे धरलेला. पडद्यावर सगळी ओसरी निळी होती. फक्त बाजेवरच्या गोधडीवर मधोमध एक तांबूस डाग होता, आणि त्याच्या बाजूला तळहाताचा ठसा, पाची बोटांसकट. कडेनं तो जांभळा होत चालला होता.

"आईवानी बसतो," नाना म्हणाले. "एका हातावर रेलून."

मी विचारायला तोंड उघडलं. त्यांनी मान न वळवता हात वर केला. "जरा थांबा. आजून हाय."

आधी बोटं गेली. मग तळहात. बाज ओसरीसारखी निळी झाली, तेव्हा नानांनी मोबाईल बंद केला आणि ते चांदीला पाणी दाखवायला गेले.

चांदीचं सड आता बरं झालं आहे. मॅडमनी पुन्हा तपासलं, चारही खण पातळ राहिले. दूध केंद्रावर येऊ लागलं आहे. नानांना विचारायचं आणि संजूला फोन करायचं तेवढं राहिलं आहे.