बिराप्पाअण्णांच्या चपला

बिराप्पाअण्णांनी कुणालाही किंवा काहीही रवाना केलं, की पोचल्याची खबर येईपर्यंत ते पायातल्या चपला काढत नाहीत. पाहुण्याला उदगीरच्या बसमध्ये बसवलं, चपला पायात. घोंगड्यांचा गठ्ठा हैदराबादला लावला, चपला पायात. एकदा असा गठ्ठा वाटेत अडकला, तर हा माणूस तीन दिवस अंगणात बसून जेवला, असं त्यांच्या बायकोनं मला सांगितलं. सांगताना ती हसतही नव्हती, इतकी सवय झालेली.

"आमच्यात तसंच अस्तंय, अक्का," अण्णा म्हणतात. "मेंढरं पुढं घातली, की ती तळावर पोचली म्हणून सांगावा येईस्तोवर पायताण काढत न्हाईत. न्हाई पोचली तर निघावं लागतंय."

मेंढरं विकून पंचवीस वर्षं झाली. आता अण्णा बिदरजवळच्या कमठाण्यात घोंगडी विणतात आणि विकतात. मी त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान, तरी मला अक्का म्हणतात. कारण त्यांची मुलगी महादेवी बिदरला माझ्या कॉम्प्युटर क्लासात शिकायची आणि ती तसं म्हणायची.

माझ्या क्लासात एकच नियम कडक आहे. चपला बाहेर. धुळीनं मशीन बिघडतात, त्यामुळे डी.सी. साहेब, म्हणजे जिल्हाधिकारी, आले तरी चपला बाहेर. तर एके दिवशी अण्णा आले आणि उंबऱ्यावर बसले. पाय बाहेर, तोंड आत.

"अक्का, महादेवीच्या नावानं घोंगड्याचं डॉट कॉम पाहिजे. अन् त्याच नावाचा पत्ता, पत्र धाडायला. ती लई दिवस मागं लागली होती."

"ईमेलचा पत्ता फुकट मिळतो की, अण्णा. दोन मिनिटांत काढून देते."

"न्हाई. दुसऱ्याच्या अंगणातनं हाळी कामून घालायची?"

पहिलं पत्र कुणाला, म्हणून विचारलं. पुण्याचं एक गिऱ्हाईक आहे म्हणाले आणि चिठ्ठी पुढं केली. बघते तर पत्ता महादेवीचा. मीच तिला क्लासात काढून दिलेला! दोन वर्षांपूर्वी तिनं पुण्यात आपल्या मनानं लग्न केलं, अण्णा गेले नाहीत, आणि तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद होतं. मोबाईल त्यांच्या खिशात होता.

"गिऱ्हाइकाला फोन करा की," मी म्हणाले.

"फोनवर बोलायला तोंड लागतंय, अक्का."

मी डॉट कॉमचं नाव घेऊन टाकलं.

आठवड्यात पत्ता चालू झाला. येणारी पत्रं येऊ लागली, सगळ्या जाहिराती. जाणारं मात्र जाईना. पाठवलं की तिथंच बसून राहायचं. "निघालं का?" उंबऱ्यावरून विचारणा. नाही. "आता?" नाही. शेवटी सापडलं. जाणाऱ्या पत्रासाठी सर्व्हरला वेगळं नाव आणि पासवर्ड द्यायचा होता, ती खूणच मी केली नव्हती.

"माझ्याच घरातनं बाहेर पडायला मला कामून विचारायलंय?" अण्णा म्हणाले, आणि मी पासवर्ड भरत होते तेवढ्यात त्यांनी उंबऱ्यावरून कीबोर्डवर भंडारा उधळला. नवं घोंगडंसुद्धा बिरोबाला दाखवल्याशिवाय ते विकत नाहीत. मी चांगली तणतणले. त्या कीबोर्डच्या फटी आजही पिवळ्या आहेत.

पण पत्र गेलं. त्यात दोनच शब्द होते, पोचलं का?

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा पहिल्या बसनं हजर. पुन्हा तेच दोन शब्द. तिसऱ्या दिवशी तेच. "अहो, काहीतरी लिहा," मी म्हणायची. "कशी आहेस, आई आठवण काढते, काहीही."

"हाळी एकच असती, अक्का. बदलली की मेंढरू वळखत न्हाई."

सतरा दिवस असे गेले. शेवटी माझा पारा चढला. "एवढी ओढ आहे तर पुण्याला जा ना! चपला तर पायातच आहेत."

अण्णा आपल्या चपलांकडे बघत राहिले. "दोन वर्सं पायातच हायत. पाय उचलंनात."

मला फार लाज वाटली. अण्णा गेल्यावर मी त्यांच्या पत्त्यावरून स्वतःलाच एक पत्र पाठवून पाहिलं. ते आलं, पण रद्दी पत्रांच्या डब्यात. कोणत्या सर्व्हरनं या नावानं पत्रं पाठवायची, ही एक ओळ डॉट कॉमच्या नोंदीत लागते. ती मी घातलीच नव्हती. दुनियेला शिकवणारी मी! त्यात अनोळखी पत्त्यावरून रोज तेच दोन शब्द. पलीकडच्या मशीननं ते बाजूला टाकले, तर त्याचा काय दोष?

सकाळी अण्णांना सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील.

"म्हंजे ती रुसून गप न्हाई?"

"तिला दिसलंच नसेल, अण्णा."

रात्रीच मी ती ओळ घालून ठेवली होती. तेच दोन शब्द पुन्हा पाठवले आणि समोरच्या टपरीवर चहा सांगितला. चहा यायच्या आत उत्तर आलं. मी मोठ्यानं वाचलं.

"पोचलं अप्पा. रद्दीचा डबा उघडला, आधीची सतराही सापडली. आता चपला काढा."

अण्णा उठले. उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, जोडीनं नीट ठेवल्या आणि पहिल्यांदाच माझ्या क्लासात आत आले.

"कुठं लिवलंय? दाव."

मी दाखवलं. पडद्यावरच्या महादेवीच्या नावावर बोट ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसलंही नाही. मग माझ्या खुर्चीमागं आले आणि म्हणाले, "लिव. काढल्या म्हणून."