उजेड बघून छत्री शिवणारे कासमचाचा

पावसाळ्यात आभाळ भरून आलं की कासमचाचा छत्री शिवायचं थांबवत. भोरच्या एसटी स्टँडजवळ त्यांचं छत्री दुरुस्तीचं दुकान होतं. ढग आला की सुई खाली. "उजेड गेला, गुरुजी. ऊन आल्यावर या."

"चाचा, ऊन असल्यावर छत्री कशाला?"

"त्ये मला नगा इचारू. म्या पाच पिक्चर काढले, सगळे उनात!"

तरुणपणी आपण मूकपटांचे दिग्दर्शक होतो, असं ते सांगत. बोलपट आले आणि त्यांनी धंदा सोडला. "मान्सं बोलाया लागली, अन् चेहऱ्याचं काम संपलं." छत्रीचं काय मोडलंय ते गिऱ्हाइकानं न बोलता, चेहऱ्यानं दाखवावं, असा त्यांचा आग्रह असे. मी एकदा दुःखी चेहरा केला. म्हणाले, "ही काडी मोडल्याली न्हाई. पोटात कळ आल्याली हाय. पुन्ना!"

सत्तरच्या दशकात इथल्या वाचनालयाची स्मरणिका निघाली. संपादक मी. चाचांबद्दल लिहायचं म्हणून पुरावा मागितला.

"पिक्चर एकबी उरला न्हाई. रिळं धुवून लोकांनी त्यातली चांदी काढली. पर हिर्डोशीत भागीरथी हाय. शेवटच्या पिक्चरात व्हती. तिला इचारा."

हिर्डोशीला एसटी मोजक्याच. मी कंटाळा केला आणि 'चित्रपट कंपनीत मदतनीस' असं छापलं. ते खोटं होतं, हे मी इथे कबूल करतो.

चाचांनी ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाले, "गुरुजी, एक अंक जादा मिळंल का?" मला वाटलं, खूश झाले.

ते वारल्यावर मी हिर्डोशीला गेलो. भागीरथीबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या.

"डायरेक्टर व्हय? तेच की! मी आठ वर्साची. पिक्चरात माझी आई मेल्याली, अन् मला रडूच येईना. तर ते माझ्यासमोर मातीत बसले अन् सवताच रडले. त्यांची आई नुकतीच गेली व्हती म्हनं. मग मला बी रडू आलं."

आत जाऊन त्यांनी फडक्यात बांधलेली स्मरणिका आणली.

"मला वाचता येत न्हाई, गुरुजी. ते मुद्दाम एसटीनं येऊन देऊन गेले. म्हनले, हितं तुझं नाव छापलंय, मोठ्या अक्षरात. कुठं ते दावा की."

त्यांचं नाव त्या अंकात कुठेच नव्हतं. मी चष्मा पुसला, पानं उलटली आणि सगळ्यात मोठ्या अक्षरांवर बोट ठेवलं. बाईंनी त्यांवरून हळूच हात फिरवला.

"अन् त्यांचं?"

मी बोट एक ओळ वर सरकवलं. ती खताची जाहिरात होती.