ओढ्यापलीकडचा झेंडा

सावरडोह गावाच्या मधून ओढा जात होता. अलीकडचा काठ इंग्रजांच्या खालसा मुलखात, पलीकडचा संस्थानात. दोन्ही काठांवर आडनाव एक, देवी एक, भांडणंही त्याच बांधांवरची. तरी पलीकडचे पाटील लालासाहेब अलीकडच्यांना ‘खालसातली माणसं’ म्हणत, जणू ते एखाद्या रोगाचं नाव असावं. कारण पलीकडे चावडीपुढं राजेसाहेबांचा झेंडा होता आणि संस्थानचं गीतही होतं. गीतातलं संस्कृत कुणालाच कळत नसे, त्यामुळे ते फार थोर आहे याबद्दल एकमत होतं. झेंड्याच्या काठीला कुणाचा पाय लागला, तर लालासाहेब स्वतः जोडा काढत. शेळी बांधायच्या नादात धुळा धनगरानं तो एकदा खाल्लाही होता.

१९४८ साली संस्थान विलीन झालं. मामलेदार येऊन जुना झेंडा उतरवतील आणि तिरंगा चढवतील, असा सांगावा आला. दुःखानं लालासाहेब दोन दिवस घरी जेवले नाहीत, चुलत्याकडं जेवले. मग त्यांनी ठरवलं, झेंडा मानानं उतरवायचा, गीतासकट.

त्या सकाळी नवा फेटा बांधून ते चावडीपुढं उभे राहिले. ओढा ओलांडून केरबाही माणसं आणि लेझीम घेऊन आला. केरबा हा खालसातला पुढारी, म्हणजे त्याच्याकडं खादीची टोपी होती.

“तिरंगा आमी चढवणार,” केरबा म्हणाला. “आमच्यात त्यो आगष्टापास्नं हाय. आमाला सवय हाय.”

“आदी आमचा खाली यिऊ दे,” म्हणत लालासाहेबांनी दोरी ओढली. दोरी हलेना. वरची कप्पी गंजली होती. रोज सलाम ठोकणाऱ्यांपैकी एकालाही तिला तेल घालायचं सुचलं नव्हतं.

“धुळा, चढ रं वर.”

धुळा खाली बसून तंबाखू मळू लागला. “काठीला पाय लागंल, पाटील.”

“आज चालतंय.”

“उद्या जोडा काढशिला. तुमीच चढा. तुमच्या पायाला इटाळ न्हाई.”

केरबाची माणसं हसली. ते हसणं लालासाहेबांना सोसलं नाही. काठीला बैलगाडी लावून ते तिच्यावर चढले आणि काठीला मिठी मारून वर सरकले. तेवढ्यात लेझमीला बुजून बैल गाडीसकट निघून गेले. लालासाहेब खाली घसरू पाहत होते, पण धोतराचा सोगा खिळ्यात अडकला होता. खाली यावं, तर राजेसाहेबांच्या झेंड्याखाली पाटलांचं धोतर फडकणार. त्यांनी धोतराचं दुसरं टोक दातांत घट्ट धरलं.

अशात मामलेदारांची मोटार आली. मोटार दिसली की गीत सुरू करायचं, असं ठरलेलं होतं. सनई वाजली, संस्थानी मंडळी बेंबीच्या देठापासून गाऊ लागली.

मामलेदारांनी पाहिलं ते एवढंच: झेंड्याला बिलगलेला पाटील आणि राजाचं गीत गाणारा जमाव. विलीनीकरणाला विरोध. त्यांना घाम फुटला, कारण गडबड होऊ द्यायची नाही असा वरून हुकूम होता.

“पाटील, तुमच्या भावना सरकारला कळतात,” ते म्हणाले. “खाली या. इथं शाळा बांधू.”

लालासाहेब बोलले नाहीत. तोंड उघडलं असतं तर धोतर गेलं असतं.

“सायेब, त्यो अडकलाय,” केरबा म्हणाला.

“तुम्ही चिथावू नका,” मामलेदार त्याच्यावर डाफरले. मग वर पाहून म्हणाले, “बरं, पक्की सडकसुद्धा करू.”

लालासाहेबांनी दात आणखी आवळले.

“आणि ओढ्यावर पूल.”

पुलाच्या नावानं नव्हे, पण त्याच घटकेला धोतर फाटलं. पडता पडता लालासाहेबांनी झेंडा पकडला, तो कप्पीसकट खाली आला. मामलेदारांनी तोच झेंडा त्यांच्या कमरेला गुंडाळला आणि त्यांच्या त्यागावर भाषण केलं. लालासाहेबांना भाषण पटलं. संध्याकाळपर्यंत ते स्वतःच गावभर सांगत फिरत होते, “आमी इलीन झालोय. खालसातली काय, नुसतीच हायती.”

चावडीमागं शाळेची जागा आखली गेली, त्या आठवड्यात केरबा माणसं घेऊन कचेरीत गेला.

“सायेब, आमचंबी इलिनीकरण करा.”

“अहो, तुम्ही आधीपासूनच सरकारात आहात. तुम्हाला विलीन करायचं कशात?”

केरबानं मागं वळून आपल्या माणसांशी विचारविनिमय केला.

“ते तुमी ठरवा,” तो म्हणाला. “पर त्यांच्यापरास थोरल्या कशात तरी करा.”