गॅलरीची खिंड बंद जाहली त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. कुलस्वामिनीस दंडवत, आणि गवंडी, सुतार व नळवाले या त्रिमूर्तीस दुरूनच रामराम, कीं ज्यांचे हातीं घर एकदां गेलें म्हणजे परत केव्हां येईल हें ब्रह्मदेवासही ठाऊक नाहीं. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन वद्य सप्तमीचे दिनीं महाराज दिगंबरराव व राणी कुमुदबाई उभयतां, तीन महिने भाड्याचे मुलखीं वनवास भोगोन, तिसरे मजल्यावरील आपले जुन्याच, परंतु डागडुजीनें नूतन जाहलेल्या राज्यीं दाखल जाहलीं. त्याचें वर्तमान ऐसें जे.

कुमुदबाईंनीं बारा वर्षें एकच ध्यास घेतला होता, कीं स्वयंपाकाचा ओटा मोठा पाहिजे, आणि महाराजांनीं बारा वर्षें "बघू" म्हणोन काळ काढिला, आणि मग एकदाचे राजी जाहले. तेव्हां मिस्त्री पुसता जाहला, "बाई, मागची गॅलरी आत घेतली तर ओटा दुप्पट होतो. घेऊ?" आणि बाई हर्षाचे भरांत बोलोन गेल्या, "घ्या." झालें! आनंदांत माणसास भान राहतें कोठें? ती गॅलरी म्हणजे दोन राज्यांमधील खिंड होती. पलीकडे दुसऱ्या जिन्याचें बिऱ्हाड, तेथें हौसाअक्का नामें थोर बाई, वय सत्तर, जिभेनें मिरची आणि मनानें लोणी, आणि मध्यें कमरेइतका कठडा. सव्वीस वर्षें त्या कठड्यावरोन विरजण गेलें, कढीलिंब आला, आमटीच्या वाट्या फिरल्या, बाळंतपणाचे डिंकलाडू आले, आणि कुमुदबाईंच्या मातोश्री वारल्या तेव्हां अक्का बेधडक पाय टाकोन कठडा ओलांडोन आल्या व रात्रभर उशाशीं बसल्या. आतां तेथें छतापावेतों भिंत, आणि भिंतीवर धूर ओढावयाची चिमणी चढली होती.

सप्तमीस खोकीं उघडलीं आणि अवघ्या राज्यांत गोंधळ माजला. कपाटांस कड्या नाहींत, दाबावें तर उघडतात, आणि चहाचें गाळणें शोधितां महाराज तीन वेळां झाडूचे खणांत शिरले. बाईंनीं ओट्यावर हात फिरविला, बहुत संतोष पावल्या, आणि मग अष्टमी उजाडली. अष्टमी म्हणजे दिवाळीचे चकलीचा दिवस. अक्कांनीं भाजणीस मोहन घालावें, कुमुदबाईंनीं सोऱ्या फिरवावा, हा सव्वीस वर्षांचा तह. बाईंनीं सवयीनें हाक मारिली, "अक्काऽ, पीठ भिजवू का?" आणि हाक चिमणीवर आपटोन माघारी आली. तेव्हां कोठें बाईंस खिंड बंद जाहल्याचें ध्यानीं आलें. मग फोन लाविला. "अक्का, येताय ना?"

"कुठून येऊ गं? तीन मजले उतरायचे नि तीन चढायचे. माझे गुडघे काय तुझ्या ओट्यासारखे नवे केलेत? राहू दे. यंदा नातू विकतच्या आणतो म्हणालाय."

हें ऐकोन राणीसाहेब नव्या ओट्यास टेकोन ढसढसा रडल्या. खरें सांगावें तर ते घटकेस त्यांस जुना वीतभर ओटा, त्याची फुटकी कड, आणि कठड्यावरोन येणारा "मेले, तेल तापलंय का बघ आधी" हा दम, इतकेंच हवें होतें. महाराज घाबरे जाहले. म्हणाले, "अगं, भिंत पाडायची का? बोलावू मिस्त्रीला?" बाईंनीं पदरानें डोळे पुसले आणि हुकूम सोडिला, "भिंतीचं मग बघू. आधी तेलाचा डबा उचला."

मग स्वारी निघाली. पुढें बाई भाजणीचें पातेलें व सोऱ्या घेवोन, मागें महाराज डबा व कढई सांभाळीत, तीन मजले उतरोन, अंगण ओलांडोन, तीन मजले चढोन, धापा टाकीत अक्कांचे दारीं थडकली. पायीं चपला घालावयाचेंही भान राहिलें नव्हतें. अक्कांनीं दार उघडिलें, आणि बाई उंबऱ्यावरच बोलत्या जाहल्या, "अक्का, चुकलं माझं. तुम्हांला विचारलं नाही. मिस्त्रीनं विचारलं आणि मी घ्या म्हणून मोकळी झाले. तुम्हांला कळलं तेव्हा केवढं लागलं असेल."

"कळायचं काय त्यात? रोज दुपारी मीच चहा देत होते की त्या गवंड्यांना, भिंतीवरून. भिंत वर चढेल तसा माझा हात वर. शेवटी एका विटेएवढी फट राहिली, तिथून कप परत घेतला, आणि मग त्यानं ती वीट बसवली."

"अहो, मग थांबवलं का नाही त्याला? एक शब्द बोलायचात मला!"

अक्का पीठ चाचपीत म्हणाल्या, "बारा वर्षं ओट्यासाठी झुरताना तुला बघितलं होतं गं. मी कशी आडवी येऊ?"

तात्पर्य, चकल्या अक्कांचे घरीं जाहल्या व काटा उत्तम आला. भिंत आहे तेथेंच आहे, ओटाही झकास आहे. त्या दिवसापासोन वाट्या जिन्यानें जातात आणि कुमुदबाई दिवसांतून दोनदां सहा मजले करितात. पाय दुखतात का म्हणोन पुसल्यास म्हणतात, दुखूं देत. लिहिणारानें पाहिलें तैसें लिहिलें. वाचणारांनीं आपल्या शेजारीं एकदां डोकावोन यावें.